गावानं तुडवलेला भाता

"का रं, कवाधरनं उभा हायेस? ह्या हौसीला बसाय घोंगडं टाकायची बी रीत न्हाई व्हय?"

भर उन्हातून आमच्या छपरात शिरलेली अंबूकाकी कोपऱ्यातल्या पाहुण्याला असं विचारून मोकळी झाली, वर डोक्यावरचा पदरही पुढं ओढून घेतला. पाहुणा गप्प. बोलतोय कशाचा! ते बोकडाचं कातडं होतं.

"काकी, माणूस न्हाई त्यो. कातडं हाय," मी म्हणाले.

काकी पुढं झाली. बोटाच्या पेरानं तिनं कातड्यावर टकटक केलं. टण्ण वाजलं.

"आगं माझे बाई! आन् ह्याच्याम्होरं मी पदर घेतला!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दात काढू नगंस. ह्यो पत्रा भात्याला बसवणार व्हय तुझा बा? त्यापरास छपरावर घाल, पावसाचं गळायचं तरी थांबंल."

मी दात काढत होते हे खरं, पण त्यात हसण्याजोगं काही नव्हतं. मी घोणसवाडीच्या म्हसू लोहाराची एकुलती लेक. तेव्हा सतरा वर्षांची. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळं आठव्या वर्षापासून आबांचा भाता मीच ओढायची. भाता म्हणजे भट्टीचा दम. दोन लाकडी फळ्या, मधे कातड्याच्या घड्या. साखळी ओढली की घड्या उघडतात, सोडली की मिटतात आणि नळीतून वारा निखाऱ्यावर जातो. कातडं मऊ असलं तर भाता दहा वर्षं श्वास घेतो. कडक असलं तर चार दिवसांत घडीवर चिरतो.

आमचा जुना भाता माघ महिन्यात फाटला. आणि फाटायला त्यानं मुहूर्त कुठला शोधला, तर पाटलांच्या गाडीचं काम चालू असताना. चाकावर जो लोखंडी पट्टा असतो त्याला धाव म्हणतात. त्या धावेचा सांधा भट्टीत तापत होता, अर्धाच लाल झाला होता आणि भात्यानं फुस्स केलं. आबा हट्टी. अर्ध्या तापलेल्या लोखंडावर त्यांनी घण घातला. सांधा जुळल्यासारखा दिसला, पण आबांचा उजवा खांदा तेवढ्यात जायबंदी झाला. पुढं आठ दिवसांनी जत्रेच्या वाटेवर तो सांधा सुटला, धाव एकीकडं, चाक एकीकडं, आणि गाडीत बसलेली पाटलीणबाई बाभळीच्या काट्यात. पाटलीणबाई म्हणजे कोण? हीच, अंबूकाकी. तेव्हापासून ती डाव्या गुडघ्यानं लंगडत होती आणि प्रत्येक लंगडीबरोबर आमचा उद्धार करत होती.

रंगराव पाटलांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, "म्हसू, पाडव्याला गावाची बैठक हाय. तवर भाता फुंकाय लागला तर तू. न्हाईतर तालुक्याच्या बबन फिटरला आणतो. त्याच्याकडं हातानं फिरवायचा पंखा हाय, कातडं न्हाई, फाटायचं न्हाई."

आमची ना शेती, ना वाडी. छप्पर गावानं दिलेलं, दाणे गावाचे. बबन फिटर आला की आम्ही ऐरण पाठीवर घेऊन कुठल्या गावच्या वेशीत उभं राहायचं, हे आबांनाही ठाऊक नव्हतं. रात्रभर ते कूस बदलत आणि खांदा दुखतोय म्हणत.

दर खेपेला भात्याचं कातडं शेजारच्या वाडीचा यल्लाप्पा कमावून द्यायचा. पण त्याच्याशी आबांचं वाजलं होतं. यल्लाप्पा म्हणाला, कातडं कापायच्या माझ्या रापीला तू लावलेली धार आठ दिवसांत गेली. आबा म्हणाले, तुझं कातडं आधी गेलं. झालं! दोघंही कारागीर, दोघांची नाकं वर. आबांनी शपथ घेतली की यंदा कातडं घरीच करीन.

केलंही. चुन्यात घातलं, केस काढले, बाभळीच्या सालीच्या पाण्यात वीस दिवस मुरवलं. तिथवर सगळं बेस होतं. पण शेवटी लोहारच ते! त्यांना जन्मात एकच विद्या ठाऊक, वस्तू तापवली आणि पाण्यात बुडवली की पक्की होते. ओलं कातडं त्यांनी भट्टीशेजारी ताणून कडकडीत वाळवलं. वर पाणी मारलं. पुन्हा वाळवलं. असं तीन वेळा. फाळाला पाणी देतात तसं बोकडाला पाणी दिलं. मग ते कोपऱ्यात उभं राहिलं ते राहिलंच.

शिमगा झाल्यावर आबा खांदा दाखवायला आत्याच्या गावी हाडवैद्याकडं गेले. जाताना म्हणाले, "हौसे, तेल लाव आन् खुंट्यावर घास. मऊ व्हतंय का बघ." तोंडानं असं म्हणाले, पण डोळे वर करून माझ्याकडं बघितलं नाही.

दोन दिवस मी घासलं. कातडं खुंट्याला वळसा घालून दोन्ही हातांनी खाली ओढायचं, वर ओढायचं. हाताला फोड आले, फोड फुटले. तळहाताएवढा तुकडा नरम पडला. कातडं अंगणातल्या घोंगडीएवढं आणि पाडवा तेरा दिवसांवर. हिशेब सरळ होता, दिवाळीला भाता तयार झाला असता.

तर अशा वेळी अंबूकाकी आपला इळा मागायला आली होती. धार लावलेली नव्हती, म्हणून ती खाटेवर बसून मला बोलत होती. मी कातडं जमिनीवर आडवं करून त्यावर करंजाचं तेल चोळत होते आणि एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडत होते. मनासारखं बोलून झाल्यावर काकी उठली. पायात वहाणा नव्हत्या, दारात काढल्या होत्या. उठताना तिची डावी टाच कातड्यावर दाबून पडली. काकी अंगानं भारदस्त. कातडं कुरकुरलं आणि तिथं वाटीएवढा खळगा पडला.

मी दोन दिवस मरमर मरून जे केलं ते हिनं एका टाचेनं केलं. माझी जीभ माझ्याआधी बोलली.

"काकी, हलू नगासा! औषध हाय त्ये!"

"कसलं औषध?"

"गुडघ्याचं. बाभळीत कमावलेलं बोकडाचं कातडं, त्याच्यावर करंजाचं तेल. अनवाणी तुडवायचं. गुडघा वंगण धरतो."

"कातड्यावर पाय?" काकीनं नाक मुरडलं.

"मग पायातल्या वहाणा काय रेशमाच्या असत्यात?"

काकी विचारात पडली. मी आणखी रेटलं. "एकशे एक पावलं. टाचेनं दाबून. आन् मधी एक शबूद बोलायचा न्हाई. बोललं की मोजणी पहिल्यापासनं."

ही शेवटची अट मला आयत्या वेळी सुचली. अंबूकाकी बोलायला लागली की चालता चालता थांबते, हे गावाला ठाऊक होतं. मला चालणारी काकी हवी होती.

"तुला कुणी सांगितलं ह्ये?"

"आत्याच्या गावच्या हाडवैद्यानं. आबा तिकडंच न्हाईत का गेलं?"

काकीनं नऊवारीचा ओचा वर खोचला आणि सुरू झाली. सोळाव्या पावलाला म्हणाली, "तेल लई गार हाय गं." पहिल्यापासून. चाळिसाव्याला कुत्र्याला हाड म्हणाली. पहिल्यापासून. साठाव्याला माझ्यावर ओरडली, "हसतीस कशापायी?" पुन्हा पहिल्यापासून. एकशे एकच्या नादात त्या दिवशी काकीनं दोनशेच्या वर पावलं घातली असतील. घाम पुसत दारात गेली, तिथं दोनदा उठून बसून बघितलं आणि म्हणाली, "जरा हलकं वाटतंय बाई."

"काकी, कुणाला सांगू नगासा हं," मी म्हणाले.

एवढं म्हटलं की काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सात बायका, प्रत्येकीच्या हातात तेलाची वाटी.

मग काय विचारता! मला वैद्यकी चढली. कातड्याची मान कडक होती तिथं गुडघेवाल्या. पोटाकडचा भाग आखडला होता तिथं टाचांच्या भेगावाल्या. कडा वाकत नव्हत्या, तिथं मी कुळवाड्याच्या साळूबाईला घातली, तिला मी सांगितलं की पोटऱ्या दुखत असल्या तर काठाकाठानंच चालावं लागतं. गोल फिरायचं, फुगडीसारखं, पण तोंड बंद. सात बायका एका छपराखाली आणि आवाज काहीच नाही म्हणून गुरव धावत बघायला आला, कुणी गेलं का म्हणून. त्याला म्हटलं, तुमची कंबर कशी हाय? तर तोही धोतर खोचून आत आला.

रात्री मी कातड्याला हात लावून बघायची. रोज थोडं थोडं ऐकायला लागलं होतं. मान मुडपायला लागली, पोट वळायला लागलं. पण पाठीचा मधला पट्टा काही केल्या नमेना. तो वजनदार मामला होता. तिथं पायांनी भागणार नव्हतं.

सहाव्या दिवशी उजाडायच्या बेताला दारावर थाप पडली. उघडते तर रंगराव पाटील. डोक्याला मुंडासं, तोंडावर उपरणं.

"हौसे," ते इकडं तिकडं बघत हळूच म्हणाले, "ते तुझं... कंबरंला चालतंय का?"

देवा खंडेराया, तू कसा धावून येतोस!

"चालतंय की! पर कंबरंचं न्यारं असतं पाटील. तिथं तुडवायचं न्हाई. पाठीच्या पट्ट्यावर बसायचं आन् सरकायचं. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. एकशे एक खेपा."

"बसून?"

"बसून. आन् बोलायचं न्हाई."

घोणसवाडीचा पाटील, ज्याच्यापुढं गाव वहाणा काढतं, तो बोकडाच्या पाठीवर बसून दोन्ही हात जमिनीला टेकत सरकायला लागला. मी तोंडात पदराचा बोळा कोंबून भिंतीकडं तोंड करून मोजत होते. कसेबसे अठ्ठ्याऐंशीपर्यंत पोचलो आणि बाहेरून आवाज आला.

"हौसे! दार लावून काय करतीस? कोण हाय गं आत?"

अंबूकाकी!

पाटलांचे डोळे पांढरे झाले. तोंड उघडलं, मिटलं. बोलले तर बायकोला कळणार, आणि मोजणी पहिल्यापासून. त्यांनी माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले आणि, खरं सांगते, सरकायचं थांबवलं नाही. एकोणनव्वद. नव्वद.

"काकी, आबांची मावसबहीण आलीया!" मी ओरडले. "अंगाला तेल लावून बसलीया, आत येऊ नगासा!"

"मग बोलत का न्हाई ती?"

"मधी बोलायचं नसतंय, काकी!"

हे काकीला पटलं. ती बाहेरच पायरीवर बसून राहिली. पाटलांनी एकशे एक पुऱ्या केल्या आणि मागच्या कुडाच्या भगदाडातून वाकून पळाले. धोतराच्या मागं परातीएवढा तेलाचा डाग घेऊन. पुढं आबा परत येईपर्यंत रोज पहाटे येत होते. पाठीचा पट्टा लोण्यासारखा झाला.

नवव्या दिवशी मात्र आता संपलं असं वाटलं. बायका तुडवत होत्या आणि दारात यल्लाप्पा उभा. कातड्यात जन्म गेलेला माणूस तो. त्याला कुठलं औषध आणि कुठलं काय!

"आमच्या वाडीतबी बोलबाला झालाय," तो म्हणाला. "म्हटलं बघून यावं." बायका बाजूला झाल्या. तो आत आला, दोन पावलं टाकली, वाकला, कातड्याची कड चिमटीत धरली, वास घेतला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी हात जोडायचे तेवढे बाकी होते.

"खरं हाय हिचं," यल्लाप्पा बायकांना म्हणाला. चेहरा असा गंभीर की काय सांगू. "जुनं औषध हाय. पर तेल लई झालंय. आता दोन दिस कोरडंच तुडवा. आन् मधनंमधनं चौघींनी चार कोपरं धरून वढायचं. जोर लावून. दंडाला बेस असतंय."

बायकांनी लगेच कोपरे धरले. यल्लाप्पा बाहेर आला, मी त्याच्यामागं. चिंचेखाली जाऊन तो पोट धरून हसला. डोळ्यातनं पाणी आलं त्याच्या.

"मामा, कुणाला सांगू नगा. पाया पडते. गाव सोडावं लागंल आम्हाला."

"मी कशापायी सांगू? असली कारागिरी मी जन्मात बघितली न्हाई." डोळे पुसत तो निघाला. "पर तुझ्या बाला सांग, लोहारानं कातडं भाजू नये. आन् माझी रापी अजून बोथटच हाय म्हणावं."

आबा पाडव्याच्या दोन दिवस आधी आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. मी कातडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. धुतलेल्या जुन्या लुगड्यासारखं ते पडत होतं. आता त्यांनी डोळे वर करून माझ्याकडं बघितलं.

"एकटीनं केलंस?"

"व्हय आबा."

त्यांनी कातड्यावरून हात फिरवला. ऐरणीवरचं लोखंड ते डोळे मिटून ओळखायचे. "एका माणसाचं काम न्हाई ह्ये. लई पायांचं हाय. खरं सांग."

सांगितलं. पाटलांचं सोडून सगळं सांगितलं, त्या जोडलेल्या हातांची मला दया आली होती. मला वाटलं आबा हसतील. आबा हसले नाहीत. कातडं बाजूला ठेवून म्हणाले, "मी बैठकीत सांगणार."

"आबा!"

"लोखंड कच्चं असलं तर मी गिऱ्हाइकाला सांगून देतो. सांधा अर्धा तापलेला हाय ह्ये पाटलाला सांगितलं न्हाई, तर त्या माउलीचा गुडघा मोडला. एकदा झाकलं त्ये बास झालं."

मी रडले, भांडले, दोन वेळा जेवले नाही. म्हटलं, तुमच्या खरेपणाला काय चाटायचंय, उद्या कुठल्या वेशीत झोपायचं ते सांगा. आबा एका हातानं खिळे देत राहिले आणि मी ते भात्याच्या फळीवर ठोकत राहिले. प्रत्येक खिळा मी आबांच्या हट्टावर ठोकला असं समजा.

पाडव्याच्या दिवशी घरोघरी गुढ्या उभ्या आणि चावडीपुढं सगळं गाव. एकीकडं बबन फिटर, त्याचा पंखा हिरव्या रंगानं नवा रंगवलेला. दांडा फिरवला की भुर्रर्र आवाज. पोरं टाळ्या वाजवत होती. दुसरीकडं आम्ही, आमचा भाता आणि टोपलीभर निखारे. यल्लाप्पाही कडेला येऊन उभा होता.

मी साखळी ओढली. भात्यानं श्वास घेतला. सोडली. निखारे एकदम फुलले. एक कुरकुर नाही, एक चीर नाही. पाटलांनी मान डोलावली, "म्हसू, भाता झ्याक केलास. मग काय, यंदा बी..."

"पाटील, एक सांगायचं हाय," आबा उभे राहिले.

मी डोळे मिटून घेतले.

आबांनी सगळं सांगितलं. कातडं कसं भाजलं, पोरीनं काय रचलं, गुडघ्याचं औषध कसं खोटं. "गावाच्या पायांनी झालंय ह्ये, आन् गावाला ठाऊक न्हाई. भाता ठेवायचा का मोडायचा, तुम्ही ठरवा. त्या धावेचा सांधा बी कच्चा व्हता. मला ठाऊक व्हतं. वहिनी, तुमचा गुडघा माझ्यामुळं गेला."

पहिला बोलला बबन फिटर. "म्हंजे फसवणूकच की ओ ही! पाटील, असल्या..."

"गप ए भिंगरीवाल्या!"

अंबूकाकी उठली होती. बायकांतून वाट काढत ती भात्यापाशी आली. ताठ आली, लंगडली नाही, पण तेव्हा त्याकडं माझं लक्ष कुठं! तिनं कातडं अंगठ्यानं दाबून बघितलं.

"हौसे, हिकडं ये. गुडघ्याचं औषध कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई काकी. माझ्याच डोस्क्यातनं आलं."

"आन् एकशे एक?"

"त्ये बी."

"आन् मधी बोलायचं न्हाई, त्ये?"

जायचंच तर खरं बोलून जाऊ, असं मला वाटलं. "तुम्ही बोलाय लागला की थांबता, म्हणून."

मागं कुणीतरी खुसकन हसलं आणि काकीनं वळून बघताच गप्प झालं. काकीनं कमरेवर हात ठेवले. "ज्यांनी ज्यांनी ह्ये कातडं तुडवलंय त्यांनी हात वर करा."

एकेक करून बायकांचे हात वर गेले. साळूबाईचा गेला, गुरवाचा गेला. काकीनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती थेट कट्ट्यावर बसलेल्या पाटलांवर आणली.

"आन् तुमच्या धोतराला मागनं रोज तेल कशाचं लागत व्हतं?"

पाटील वर लिंबाच्या झाडाकडं बघायला लागले. लिंबाला नवी पालवी आली होती, ती त्यांनी बराच वेळ बघितली. मग त्यांचा हात कान खाजवायला गेल्यासारखा सावकाश वर गेला आणि तिथंच राहिला.

गाव असं हसलं की गुढ्या हलल्या असतील. यल्लाप्पा तर खालीच बसला. मी आबांकडं बघितलं. ते अजून मान खाली घालून उभे होते.

"झालं तर मग," काकी म्हणाली. "ह्यो भाता आता म्हसूचा न्हाई. गावाचा हाय. माझ्या टाचा झिजल्यात ह्याच्यात. माझ्या पायांनी केलेला भाता टाकून त्या भिंगरीम्होरं जाऊन बसायला मी काय खुळी हाय? आन् म्हसू, मला गाडीतनं पाडलंस त्ये कुणी विचारलं नसताना सांगितलंस. असा लोहार तालुक्यात गावतोय व्हय?"

"ठरलं! म्हसूच लोहार! बैठक उठली!" पाटील घाईघाईनं म्हणाले. आणखी कुणी काही विचारायच्या आत बैठक उठलेली त्यांना हवी होती.

आबांनी गळ्यातल्या हातासकट काकीला नमस्कार केला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दाढीत गेलं. मीही रडत होते, पण मला रडायला फार वेळ मिळाला नाही. काकीनं माझा कान धरला होता.

"आँ, काकी, दुखतंय!"

"दुखू दे." कान पिळत तिनं मला चावडीच्या मागं नेलं. आजूबाजूला बघितलं. मग कान न सोडता माझ्या तोंडाजवळ तोंड आणून पुटपुटली, "दुसरं कातडं कवा करणार?"

"दुसरं?"

"गुडघा निम्मा बरा झालाय गं माझा. निम्मा ऱ्हायलाय. बोकड मी देती."

घरी जाताना ओढ्यापाशी आबा म्हणाले, "खोटं बोललीस त्ये वाईटच."

"व्हय आबा."

"पर कातडं..." ते थांबले, आणि मग खांदा धरून इतके हसले की मला त्यांना दगडावर बसवावं लागलं. त्याच दिवशी त्यांनी डाव्या हातानं यल्लाप्पाची रापी घासली आणि स्वतः नेऊन दिली.

तो भाता आबांनी सोळा वर्षं चालवला. आबा गेल्यावर मी त्याचं कातडं सोडवून घेतलं आणि तेव्हापासून ते माझ्या ट्रंकेत आहे. आता मी मिरजेला लेकाकडं असते. सून शेजारणींना सांगते, आईंनी वडिलांची आठवण म्हणून जपलंय. तेही खरंच आहे. आबांची आठवण मला रोज येते. सांधा कच्चा होता हे चारचौघांत सांगणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

पण सुनेला अर्धंच ठाऊक आहे. माझं वय आता चौऱ्याहत्तर आणि दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, पट्टे झाले. म्हणून रोज सकाळी मी खोलीचं दार लावते, ते कातडं फरशीवर अंथरते, तेलाचं बोट फिरवते आणि खुर्चीला धरून तुडवते. टाचेनं दाबून, एकशे एक. ते औषध खोटं आहे. मीच रचलंय, मला सांगता काय! पण जरा हलकं वाटतं बाई.

परवा सून दाराबाहेरून हाका मारत होती, "आई, आत काय चाललंय? ओ आई, ऐकू येतंय ना? बऱ्या आहात ना?"

सत्त्याण्णव झाली होती. मी उत्तर दिलं नाही. मधे बोलायचं नसतं.